मोहिनी येईपर्यंत

१

दुपारच्या भाकरी झाल्या, माय शेळ्या घेऊन बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाला गेली आणि बाहेरच्या खोलीत खाटेवर आबांचा डोळा लागला, की मोहिनी आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि जगाला नावं ठेवायला बसायची. जग म्हणजे कंप्युटरच्या पडद्यातलं. तिच्या यूट्यूब चॅनेलचं नाव होतं 'मोहिनीचं तोंड'. पालीतली शेळ्यावाल्या आश्रुबाची पोरगी लढायांचे गेम खेळते, वर त्यांची सालटी काढते, याचं लोकांना नवल वाटायचं. खाली पोरं लिहायची, 'ताई, भाकरी थापा.' पुढच्या व्हिडिओत ही सांगायची, 'थापल्या, खाल्ल्या, भांडीही घासली. तुम्हाला अजून आईच वाढते ना?'

तिची मतं रोखठोक होती. स्ट्रॅटेजी गेम तिला आवडायचे, कारण त्यात इमानदारीनं हरता येतं. सैन्य जमवायच्या नादात धान्य साठवायचं विसरलात, तर हिवाळ्यात तेच सैन्य उपाशी मरतं आणि शत्रू तुमची चूक बघून चालून येतो. बरोबरच आहे त्याचं. रोल-प्लेइंग गेमवर मात्र तिचा दात होता. आधी तुम्हाला जगाचा तारणहार म्हणायचं आणि लगेच कुणाच्या तरी तळघरातले उंदीर मारायला पाठवायचं. बोलताना तीन उत्तरं पुढं ठेवायची, एक गोड, एक तिखट, एक शहाणपणाचं, आणि तिन्हींचा रस्ता एकाच गुहेत. असल्या गेमला शंभरातले नव्वद गुण देणाऱ्यांची तिला कीव यायची.

पण तिचा खरा राग होता तो थांबण्यावर. ती माईकमध्ये बोलत होती, "घराला आग लागलीय. बाई रस्त्यात उभी राहून ओरडतेय, माझं लेकरू आत आहे. तुम्ही काय करता? तळ्यावर मासे धरता, नवीन घोडा घेता, जमलं तर लग्नही करता. चार महिन्यांनी माघारी या. आग तेवढीच. बाई तिथंच. तुम्ही गेल्याशिवाय ते लेकरू जळणार नाही आणि वाचणारही नाही. याला तुम्ही जिवंत जग म्हणता?"

हे मत मुळात आबांचं होतं. छाती बिघडायच्या आधी, शेळ्या वाड्यात कोंडून आले की ते तिच्या मागं उकिडवे बसून गेम बघायचे. एकदा म्हणाले, "तू पानी प्यायला उठलीस तर त्यो लांडगा थांबतो का गं?"

"थांबतो की आबा."

"मंग त्यो लांडगा न्हाई. जावई हाय."

मोहिनी आठवडाभर हसत होती. त्या दुपारी तिनं हा किस्सा सांगूनच व्हिडिओ संपवला आणि वर भर घातली, "जग कुणासाठी थांबत नसतं. कुठं थांबलंच, तर पालीला या आणि मला दाखवा. मी आहे इथंच."

२

त्यानंतर कंप्युटरचा पंखा करकरायला लागला. मोहिनीनं सीपीयूचा डबा पिशवीत घातला आणि सकाळीच मांजरसुंब्याला निघाली. तिथं ढाब्यांच्या ओळीत अल्ताफचं दुरुस्तीचं दुकान होतं. अल्ताफ कॉलेजात तिच्या वर्गात होता आणि हा कंप्युटरही त्यानंच जुने भाग जमवून उभा केला होता.

निघताना माय चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होती. आबा खाटेवर कोपरावर रेलले होते. जीपचा हॉर्न वाजला तसे ते म्हणाले, "मोहे, येताना..."

"येते, आबा! येते गं माय!" असं ओरडत ती पळाली.

अल्ताफनं लावला उशीर. ती माघारी आली तेव्हा ऊन कललं होतं. गल्लीच्या तोंडाशीच तिला शेळ्यांचा आवाज आला. शेळ्या चरून आल्यावर ओरडतात तसा तो नव्हता. भुकेनं घसा फाटेस्तोवर ओरडत होत्या. कुणी त्यांना सोडलंच नव्हतं.

ती दारात आली. आबा कोपरावर रेललेले, तोंड अर्धवट उघडं, नजर दारावर.

"...तंबाखूची पुडी आन," ते म्हणाले.

मोहिनीला हसू फुटलं. "आता सांगताय होय? मी जाऊन आले की!"

आबा हसले नाहीत. कोपर उचलायला गेले तर हात उठेना. दुसऱ्या हातानं त्यांनी तो उचलला. खाटेच्या सुंभाचे वळ कातड्यात इतके खोल रुतले होते की त्यांत रक्त साकळलं होतं.

ती आत गेली. माय चुलीपुढं बसलेली, फुंकणी ओठाला. चुलीत पांढरी राख. पातेल्यातल्या चहावर साय धरून तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या.

"आलीस कावून माघारी? काय राह्यलं?" मायनं विचारलं. "बस, च्या होतोच हाय." मग तिनं राखेत बोट घातलं. "आँ? इझला कवा?"

तिच्या ओठांभोवती फुंकणीचा गोल लाल वळ उमटला होता.

मोहिनीनं स्वतःची समजूत घातली. आबांच्या दुखण्यानं मायला रात्र रात्र झोप नाही. बसल्या बसल्या माणसाला डुलकी लागते. आबांचंही तेच. आजारी माणूस बोलता बोलता झोपतो आणि जाग आल्यावर पुढचं बोलतो. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिनं शेळ्यांना पाला टाकला आणि दोन दिवस त्या गोल वळाकडं बघायचं टाळलं.

३

डावपेच खेळणाऱ्या माणसाला एक खोड असते. आपण का हरलो, हे कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. तो एकेक गोष्ट बदलून बघतो.

शेजारी वत्सलाबाई ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या. मोहिनी त्यांच्याशी जरा बोलली, "येते काकू" म्हणाली आणि नळापर्यंत जाऊन, कळशी भरून, रमतगमत माघारी आली.

वत्सलाबाईंची दोन बोटं सुपावर चिमटीत होती. समोर कोंबडी सुपात चढून दाणे टिपत होती. मोहिनी गल्लीच्या वळणावर, खांबाआड उभी राहून बघत राहिली. कोंबडीनं मान वर केली, बाईंच्या बोटावर टोच मारली, पुन्हा खाली घातली. बोट हललं नाही. वाऱ्यानं पदर तोंडावर आला, तोही कुणी सारला नाही.

 मोहिनी कळशी सावरत पुढं गेली.

"आलीस? हाड, हाड! मेली कवा चढली सुपात!" वत्सलाबाई ओरडल्या आणि बोट तोंडात घातलं. "चावली की गं रांड!"

थोड्या वेळानं मोहिनी बोलता बोलता नुसतीच उठली आणि चालू लागली. मागून लगेच आवाज आला, "बघा, सांगनं न्हाई, सवरनं न्हाई. उठली की चालली." सुपाची फटक फटक सुरूच होती.

म्हणजे 'येते' हाच तो शब्द होता. संध्याकाळी तिनं तो बदलून बघितला. चपला घातल्या आणि म्हणाली, "माय, मी जाते."

मायनं भाकरीचं पीठ लागलेला हात तिच्या तोंडावरच ठेवला. "आबा तसं पडलेत आन् ह्या घरात जाते म्हनतीस? येते म्हनावं. जातो ते मेलेलं मानूस."

मोहिनीनं मुकाट्यानं 'येते' म्हटलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि लगेच आत घेतलं. मायचा हात हवेत होता तिथूनच परातीकडं वळला. असलं काही होत नसतं, असं मोहिनी मोठ्यानं म्हणाली. माय म्हणाली, "काय?"

४

बीडच्या डॉक्टरांनी आबांना घरी न्यायला सांगितलं होतं. 'खायला मागतील ते द्या,' एवढंच औषध त्यांनी लिहून दिलं. मायला त्याचा अर्थ कळला होता. मोहिनीलाही कळला होता, पण तिनं तो मानला नव्हता. तिला बाप हवा होता. बाकी कुणाला काय हवं, याची तिला फिकीर नव्हती.

एका दुपारी आबांचा दम बिघडला. श्वास आत जायचा आणि बाहेर यायचं विसरायचा. घरघर वाढली, नखं काळपटली. घरात ती एकटी. ती दाराशी गेली, चौकट धरली आणि म्हणाली, "आबा, मी येते."

उंबरा ओलांडताच घरघर थांबली. ती खिडकीखाली भिंतीला पाठ लावून ऐकत राहिली. घरघर नाही, श्वासही नाही. छाती फुटेल असं वाटलं तशी ती धावत आत आली आणि अडलेला श्वास तिच्यासमोर बाहेर पडला. पुढं थोडी घुसमट झाली, मग उतार पडला. आबा वाचले.

आता हे जरा ऐका. याच मोहिनीनं एक आख्खा व्हिडिओ केला होता, तो पावलापावलाला गेम सेव्ह करणाऱ्यांवर. हरायची वेळ आली की सेव्ह केलेलं मागचं उघडायचं, फासा मनासारखा पडेपर्यंत तोच वार करत राहायचं. त्यांना ती भित्रे म्हणाली होती. 'तुम्ही जिंकत नाही, फक्त हरायचं पुढं ढकलता,' हे तिचं वाक्य पोरांनी उचलून धरलं होतं. आणि आता दुपारी आबांना दम लागला की ही 'येते' म्हणून बाहेर पडायची आणि ऊन उतरल्यावर आत यायची. मनाला टोचलंच, तर त्यालाही सुनवायची. नियम गेमला असतात. बापाला वाचवताना कसले नियम? यम येऊ दे नाहीतर त्याचा रेडा, इथं माझी पाळी संपल्याशिवाय त्याची येणार नाही.

गावात लोक म्हणायला लागले, आश्रुबा चिवट.

तिनं अल्ताफला सांगितलं. त्यानं वेड्यात काढलं नाही, पण स्क्रू फिरवायचा थांबला. "म्हनजे तू पॉज दाबतीस."

"तसंच समज."

"बरं. पन आतल्याला काय वाटतं, ते इचारलंस का?"

"गेममधल्याला काय वाटायचंय?"

"आबा गेममधले हायेत व्हय?" अल्ताफ म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

ती घरी आली आणि आबांच्या उशाशी बसली. "आबा, मी बाहेर गेले की तुमाला काय होतं?"

 आबांनी तिचं मनगट धरलं. "दुपारची जात जाऊ नगं गं मोहे."

मोहिनीला भरून आलं. तिला वाटलं, लेकीचा लळा. "लगेच तर येते की," ती म्हणाली.

पण अल्ताफचं बोलणं मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दम लागल्यावर तिनं व्हिडिओ करायच्या स्टँडवर फोन लावला, खाटेकडं तोंड करून चालू केला आणि 'येते' म्हणाली. मग धरणाच्या भिंतीवर जाऊन बसली. पाण्यात पाणकोंबड्या बुड्या मारत होत्या. ती त्या वर येण्याची वाट बघत बसली.

५

माघारी आल्यावर आबांना उतार पडेपर्यंत ती त्यांच्या तोंडाकडंच बघत थांबली. मग फोन घेऊन, 'येते' न म्हणता, अंगणात आली आणि निंबाखाली बसून चित्र बघू लागली.

सुरुवातीला फोटोच वाटला. खाट, आबा, मागची भिंत. पण बोटानं चित्र पुढं सारलं की भिंतीवरचा उन्हाचा चौकोन सरकत होता. आबांच्या गालावर माशी बसली. ती ओठापर्यंत चालत गेली, आत डोकावली. ओठ मिटले नाहीत. छाती वर उचललेली होती ती तशीच.

डोळे मात्र हलत होते.

मोहिनीनं चित्र मागं घेतलं, पुन्हा बघितलं. सगळं अंग दगड झालेलं आणि त्यात दोन जिते डोळे. ते दाराकडं जायचे. दारात कुणी नाही म्हटल्यावर कोपऱ्याकडं जायचे. कोपऱ्यात धान्याच्या कोठ्या होत्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेला जेवणाचा पाट. पुन्हा दार. पुन्हा कोपरा.

चित्र पुढं सारलं. आता डोळे दाराकडं क्वचितच जात होते.

अजून पुढं. ते कोपऱ्याकडंही बघत नव्हते. कोपरा आणि खाट यांच्या मधे, रिकाम्या जमिनीच्या वर, माणूस बसल्यावर त्याचं तोंड जिथं येईल तिथं ते लागले होते. पापणी न लवलेल्या डोळ्यांतून पाणी कानामागं उतरत होतं. मग नजर आणखी जवळ आली. मग इतकी जवळ, की डोळ्यांना खाली वळावं लागलं. चित्राच्या कडेला, खाटेच्या बाजूला, लाकडाचा एक कोपरा दिसायला लागला होता.

तेवढ्यात फोनमधे तिच्याच चपलांचा आवाज आला. आबांनी श्वास सोडला आणि गच्च डोळे मिटले.

मोहिनीनं फोन उपडा ठेवला. मांजर असेल. मांजरीनं पाट हलत नाही. मग कुणीतरी आत आलं असेल, त्यानं बसायला घेतला असेल, तेवढा फोनच्या नजरेतून सुटला असेल. तिनं भिंतीवरून हाक मारली, "काकू, दुपारी आमच्यात आलतात का?"

वत्सलाबाई धुणं झटकत म्हणाल्या, "येनार व्हते गं, ताक घेऊन. पन तुमचं पाव्हनं बसल्यालं दिसलं खिडकीतनं, म्हनून माघारी गेले. रोजच येतंय जनू?"

"कोन पाव्हनं?"

"मला काय म्हाईत? पाठमोरं व्हतं."

तिनं ज्यांना ज्यांना 'येते' म्हटलं होतं, ते थांबले होते. त्या पाव्हण्याला ती कधी काही म्हणालीच नव्हती. एवढं तिच्या ध्यानात आलं आणि ती उठली.

६

खोलीत संध्याकाळच्या आधीचा पिवळा उजेड होता. पाट खाटेला लागून, आबांच्या छातीशेजारी, नीट आडवा ठेवलेला होता. कोपऱ्यातून तिथवर शेणानं सारवलेल्या भुईवर तो ओढल्याची एकही रेघ नव्हती.

मोहिनीला पळून जावंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. माय यायला अवकाश होता. दार उघडं होतं, शब्द जिभेवर होता. पण मग आबांचे ते डोळे आठवले आणि तिला भीतीपेक्षा संताप जास्त आला. स्वतःचाही आला. तिनं वाकून पाटाला हात लावला. लाकूड ऊबदार होतं, नुकतंच कुणी उठल्यासारखं.

ती त्याच्यावर मांडी घालून बसली.

"ह्या घरात आता मी बसलेय," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्या बापाजवळ मी बसनार. दुसऱ्या कुनाला थांबायचं आसंल, तर भुईवर बसा. न्हाईतर बाहेर व्हा."

 खोलीत कुठंही काही हललं नाही. मग तिच्या पाठीमागं, अगदी जवळ, कुणीतरी सावकाश खाली बसताना कापड चुरगळतं तसा आवाज झाला.  तिनं मागं बघितलं नाही. बघणार नव्हती. तिनं आबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

आबांनी डोळे उघडले. घरघर पुन्हा सुरू झाली होती.

"जातीस का?"

"न्हाई आबा. हितंच हाय."

"लई वाट बघाय लावलीस." त्यात राग नव्हता, दमणूक होती.

"चुकलं माझं. आता न्हाई."

त्यांचा श्वास आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. तिला बडबड करावीशी वाटली म्हणून ती करत राहिली. ज्वारी बरी आली म्हणाली, शेळी गाभण आहे म्हणाली. नव्या गेममधला लांडगा खरंच थांबत नाही, हेही खोटंच सांगितलं. आबांच्या तोंडावर जरासं हसू आलं. तिच्या पाठीमागं कापड चुरगळल्याचा तो आवाज पुन्हा सुरू झाला. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून मागं, भुईकडं बघितलं. पाव्हणं उठलं की घरधनी बघतो तसं बघितलं. आणि तिच्याकडं वळून म्हणाले,

"येतो गं मोहे."

रानात निघताना आबा रोज दारातून हेच म्हणायचे आणि ती आतून 'या' म्हणायची. आताही 'या' ओठांपर्यंत आलं. ते तोंडातून निसटायच्या आत तिला कळलं की या वेळी थांबणारी ती असेल. तोंड उघडं, नजर दारावर, आबा येईपर्यंत. आणि येताना ते एकटे नसतील.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "येऊ नका."

आबांच्या कपाळाला आठी पडली. "आसं म्हनू न्हाई गं."

"मी म्हनतीय. जावा तुमी."

तिच्या पाठीमागचा आवाज थांबला. आपल्या तोंडून हे निघावं, याचं तिला इतकं दुःख झालं की ते दुःख तिला छातीत हाड मोडल्यासारखं जाणवलं. तिनं हात सोडला नाही आणि शब्दही मागं घेतला नाही. बापाच्या डोळ्यांत डोळे घालून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं तो पुन्हा उच्चारला.

"जावा, आबा."

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग कपाळावरची आठी मोडली.

"बरं," ते म्हणाले, आणि गेले.